चालू करताना मेनूवर अडकलेले बारकोड टर्मिनल: एंटर दाबण्याआधी काय पाहावे

आपला प्रश्न मी समजलो तो असा. मालाच्या मोजणीसाठी वापरायची सहा बिनतारी हँडहेल्ड बारकोड टर्मिनल कित्येक महिने कपाटात पडून होती. चार्ज करून चालू केल्यावर चार टर्मिनलवर नेहमीचा मोजणीचा प्रोग्रॅम उघडला आणि ती नेटवर्कवर चालत आहेत, पण दोन टर्मिनल एका इंग्रजी मेनूवर थांबली, ज्यात 'वॉर्म' आणि 'कोल्ड' हे शब्दही आहेत. त्यांपैकी एकावर आपण एकेक पर्याय दाबून पाहिला. आता त्यावर प्रोग्रॅम उघडतो खरा, पण ते नेटवर्कला जोडले जात नाही. दुसऱ्याला अजून हात लावलेला नाही. माहितीपुस्तिका हाती नाही, स्क्रीन आठ ओळींची साधी काळी-पांढरी आहे, आणि मेनूतून बाहेर पडण्याचे बटण कोणते, एवढेच आपण विचारले आहे.

दुसऱ्याला हात लावला नाही हे फार चांगले केलेत. ते तसेच क्रेडलमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या बैठकीत, राहू द्या.

बाहेर पडण्याचे बटण सांगणे सोपे आहे: बहुतेक यंत्रांत ते 'क्लिअर', 'एस्केप' किंवा 'एंड' या नावाचे असते आणि ते एक पायरी मागे नेते. पण त्याने आपले काम होणार नाही, कारण ते दोन टर्मिनल चुकून मेनूत शिरलेले नाहीत. या पिढीतल्या यंत्रांमध्ये प्रोग्रॅम बहुधा फ्लॅश मेमरीत असतो आणि तो वीज गेली तरी टिकतो. मात्र टर्मिनलचा क्रमांक, नेटवर्कचे नाव, सर्व्हरचा पत्ता, घड्याळ आणि न पाठवलेल्या नोंदी पुष्कळदा अशा मेमरीत असतात जी मुख्य बॅटरी काढल्यावर आतल्या छोट्या बॅकअप बॅटरीच्या जोरावर जिवंत राहते. मुख्य बॅटरी संपली, मग बॅकअपही संपली, की ती मेमरी पुसली जाते. पुढच्या वेळी यंत्र चालू होताना ही मेमरी तपासते, तिच्यात अर्थ लागेल असे काही सापडत नाही, आणि मग पुढे काय करायचे ते माणसाला विचारण्यासाठी मेनूवर थांबते. आपण पर्याय दाबत गेलात तेव्हा त्यांपैकी कोणत्या तरी पर्यायाने कारखान्यातल्या मूळ सेटिंग भरल्या. म्हणून प्रोग्रॅम उघडला, पण त्याला आपल्या नेटवर्कची काहीच माहिती उरलेली नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की त्या दोन टर्मिनलमध्ये कोणती माहिती परत भरायची, ती कुठून मिळवायची, आणि भरताना उरलेले काही बिघडणार नाही याची काळजी कशी घ्यायची.

ती माहिती आपल्याजवळच आहे. चालू असलेली चार टर्मिनल हीच आपली माहितीपुस्तिका आहेत.

पुढे सांगतो त्यातल्या काही गोष्टी यंत्राच्या कंपनीवर, मॉडेलवर आणि आतल्या सिस्टिमवर अवलंबून आहेत. मेनूत शिरण्यासाठी कोणती दोन-तीन बटणे एकत्र दाबायची हे मॉडेलगणिक बदलते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळे असू शकते. म्हणून सर्वांत आधी बॅटरी ठेवण्याच्या खाचेतल्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून ठेवा. पुढची शेपटीसारखी अक्षरेही सोडू नका, कारण कीपॅड किती बटणांचा आणि आत कोणता रेडिओ आहे हे बहुधा त्या शेपटीतच लिहिलेले असते. मात्र लेबल वाचण्यासाठी बॅटरी काढायची झाल्यास आधी बिघडलेल्या दोनांपैकी एकाचीच काढा. चालू असलेल्यांची बॅकअप बॅटरी कोणत्या अवस्थेत आहे हे आपल्याला माहीत नाही, आणि ते अशा रीतीने कळणे फार महागात पडते.

आता मेनूंविषयी. नवख्या माणसाची गफलत इथे होते की सगळे मेनू त्याला एकसारखेच दिसतात. प्रत्यक्षात अशा यंत्रात एकाखाली एक असे तीन थर असतात आणि प्रत्येक थराचा मेनू वेगळा असतो. सर्वांत खाली लोडर: यंत्र चालू होताच, मुख्य सिस्टिम सुरू होण्याआधी हा दिसतो. त्यात 'लोड', 'इरेज', 'इनिशियलाइझ', 'सेल्फ टेस्ट', 'कोल्ड स्टार्ट' अशा शब्दांची गर्दी असते आणि अक्षरे ओबडधोबड, सगळी मोठ्या लिपीतली असतात. त्याच्यावर सिस्टिमचा सेटअप: तारीख-वेळ, स्क्रीनचा उजेड, बीपचा आवाज, कोणत्या प्रकारचे बारकोड वाचायचे, रेडिओचे तपशील. आणि सर्वांत वर प्रोग्रॅमचा स्वतःचा मेनू, ज्यात 'साइन ऑन', 'सेंड', 'होस्ट', 'युजर' असे शब्द येतात. तिन्ही थरांत 'सेटअप' नावाचा पर्याय असू शकतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. कीपॅडवरचे 'क्लिअर' बटण वेगळे, पण मेनूतला पर्याय म्हणून लोडरमधला 'क्लिअर' मेमरी पुसतो, तर प्रोग्रॅममधला 'क्लिअर' शेवटची नोंद खोडतो. शब्द एकच, परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मी नवीन मुलांना पहिली सवय लावतो ती अशी की मेनू दिसला की काहीही दाबण्याआधी तो कोणत्या थरातला आहे ते मोठ्याने सांगायचे. सांगता येत नसेल तर हात कीपॅडवरून काढून घ्यायचा.

थर ओळखण्याची एक साधी खूण म्हणजे वेळ. पॉवरचे बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत, कोणताही लोगो किंवा 'लोडिंग' असा मजकूर न येता मेनू आला, तर तो बहुतेक लोडरच असतो. दुसरी खूण ट्रिगर, म्हणजे स्कॅन करण्याचे बटण: लोडरमध्ये स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम (ड्रायव्हर) सहसा सुरू झालेला नसतो, त्यामुळे ट्रिगर दाबूनही लाल किरण निघत नाही. किरण निघाला तर आपण निदान दुसऱ्या थरापर्यंत पोहोचला आहात. ही कसोटी शंभर टक्के नव्हे, पण मला ती क्वचितच चकवते.

मेनूत फिरण्याच्या पद्धतीही एकाच प्रकारच्या नसतात. आकडे घातलेला मेनू असेल तर तो आकडा दाबताच पर्याय बहुधा लगेच अमलात येतो, एंटरची वाट पाहिली जात नाही. इथे चुकीच्या आकड्याला माफी नाही. बाणांचा मेनू जास्त दयाळू असतो, कारण निवड आणि होकार ही दोन पावले वेगळी असतात. मात्र छोट्या कीपॅडवर वर-खालीचे बाण स्वतंत्र नसून दुसऱ्या बटणांवर निळ्या किंवा नारिंगी रंगात छापलेले असतात आणि ते त्याच रंगाचे फंक्शन बटण दाबूनच मिळतात. काही यंत्रांत हे फंक्शन बटण एका दाबापुरतेच लागू होते, काहींत ते अडकून राहते आणि पुन्हा दाबेपर्यंत सुटत नाही. 'बाण दाबला तर आकडा उमटतो' अशी तक्रार येते तेव्हा कारण नेहमी हेच असते. शिवाय आठ ओळींच्या स्क्रीनवर मेनूचे सगळे पर्याय मावतातच असे नाही. कोपऱ्यात छोटा त्रिकोण किंवा 'मोअर' दिसतो का पाहा. आपल्याला हवा असलेला पर्याय बहुधा त्याच्या खाली दडलेला असतो.

तिसरी पद्धत प्रश्नोत्तरांची, आणि जुन्या बिनतारी टर्मिनलमध्ये मला तीच सर्वांत जास्त भेटली. यंत्र एकेक प्रश्न विचारते आणि त्याखाली आत्ताचे उत्तर दाखवते: टर्मिनलचा क्रमांक, चॅनेल, ध्वनी हवा का, घड्याळ दाखवायचे का. नुसते एंटर दाबले तर दाखवलेले उत्तर कायम राहते आणि पुढचा प्रश्न येतो. पण चुकून एखादा आकडा उमटला की जुने उत्तर पुसले जाते, आणि तो आकडा खोडून रिकाम्या जागेवर एंटर दाबले तर काही यंत्रे रिकामे हेच उत्तर समजतात. तेव्हा असे काही झाले तर एंटर दाबू नका. 'क्लिअर' किंवा 'एस्केप'ने सेटअप सोडा, 'सेव्ह' विचारले तर नाही म्हणा, आणि पुन्हा पहिल्यापासून या.

बटणांच्या बाबतीत स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एक टर्मिनल चालू व्हायला वेळ लावत होते, म्हणून मी कंटाळून एंटर तीन-चार वेळा दाबले. त्या यंत्राला दाबलेली बटणे साठवून ठेवण्याची सवय होती. मेनू स्क्रीनवर आला तोपर्यंत पहिल्या एंटरने पहिला पर्याय निवडला, दुसऱ्याने 'नक्की का?' या प्रश्नाला होकार दिला, आणि मी वाचू शकलो ते फक्त 'मेमरी क्लिअर्ड'. त्यात सकाळपासूनची मोजणी होती. तेव्हापासून यंत्र सुरू होत असताना मी ते टेबलावर ठेवतो आणि हात मागे बांधतो. दोन सहकारी यावर हसतात, हसोत.

आता आपल्या सहा टर्मिनलकडे वळू. पहिले काम चालू असलेल्या चार टर्मिनलवरच्या न पाठवलेल्या नोंदी सर्व्हरवर पाठवून टाकणे. मोजणी शिल्लक असलेल्या यंत्राच्या सेटअपमध्ये, नुसते पाहायलाही, शिरू नये. त्यानंतर त्या चारांपैकी एक घ्या, प्रोग्रॅममधून रीतसर बाहेर पडा आणि सेटअपचे एकेक पान उघडून प्रत्येकाचा फोटो काढा. स्क्रीनवर उजेड चमकून अक्षरे नाहीशी होतात, म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि यंत्र किंचित तिरके धरा. काहीही बदलू नका आणि 'सेव्ह' विचारले तर 'नाही' म्हणून बाहेर या. मग दुसऱ्या चालू टर्मिनलचेही तसेच फोटो काढा. दोन्ही संच शेजारी ठेवले की जे सारखे आहे ते सगळ्यांना लागू असलेले आणि जे वेगळे आहे ते त्या-त्या यंत्राचे स्वतःचे, हे आपोआप उलगडते. माझ्या अनुभवात वेगळ्या निघतात त्या दोनच गोष्टी: टर्मिनलचा क्रमांक आणि, आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा आकडी पत्ता) हाताने दिलेला असेल तर, तो पत्ता.

या दोन गोष्टींची नक्कल मात्र कधीही करू नका. एकच क्रमांक दोन टर्मिनलला दिला की बिघाड लगेच उघड होत नाही, आणि हीच त्यातली खोच आहे. एका टर्मिनलवर स्कॅन केलेल्या मालाचे उत्तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर जाते, किंवा एक जोडले गेले की दुसरे तुटते आणि दोघे आळीपाळीने 'सिग्नल नाही' म्हणत राहतात. लोक मग अँटेना बदलतात, ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे यंत्र) हलवतात, बॅटरीला दोष देतात. आपल्या बिघडलेल्या टर्मिनलने मूळ सेटिंग स्वीकारल्यामुळे त्याचा क्रमांक आता बहुधा ० किंवा १ झालेला असेल, आणि तो क्रमांक चालू असलेल्या एखाद्या टर्मिनलचा असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून दुरुस्त होईपर्यंत त्याचा रेडिओ बंद ठेवा किंवा ते यंत्रच बंद ठेवा. मूळ क्रमांक आठवत नसेल तर यंत्राच्या पाठीवर चिकटवलेली पट्टी पाहा, नाहीतर सर्व्हरवरच्या जुन्या नोंदींमध्ये कोणते क्रमांक येत असत ते पाहून उरलेले दोन शोधून काढा.

इथे आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे यावर पुढचा रस्ता ठरतो. काही टर्मिनल वाय-फाय वापरत नाहीत. ती स्वतःच्या बेस स्टेशनशी थेट बोलतात, आणि त्यांच्या मेनूत एसएसआयडी (वाय-फाय नेटवर्कचे नाव) हा प्रश्नच नसतो, असतो तो फक्त चॅनेल आणि टर्मिनलचा क्रमांक. तसे असेल तर काम अगदी थोडे आहे: चॅनेल बेस स्टेशनच्या चॅनेलशी जुळवा, मोकळा क्रमांक द्या, झाले. मेनूत 'साइट टेस्ट' किंवा 'साइट सर्व्हे' असा पर्याय असेल तर तो चालवा. टर्मिनल बेसकडे संदेश पाठवते आणि किती पोहोचले ते सांगते. आधी बेसजवळ उभे राहून चाचणी घ्या. जवळही उत्तर येत नसेल तर दोष अंतराचा नसून सेटिंगचा आहे, एवढे तरी निश्चित होते.

वाय-फायचे टर्मिनल असेल तर भरायच्या गोष्टी वाढतात. नेटवर्कचे नाव म्हणजे एसएसआयडी जास्तीत जास्त ३२ बाइटांचे असते आणि त्यात लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळला जातो. कॉम्प्युटरवर ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एकाच बटणावर तीन अक्षरे असलेल्या कीपॅडवर निम्मी भांडणे हिच्यावरूनच होतात. पासवर्ड तर त्याहून अवघड, कारण तो टाइप करताना फक्त चांदण्या दिसतात. यावर माझा उपाय असा: पासवर्डच्या जागी जाण्याआधी, जिथे अक्षरे दिसतात अशा एखाद्या जागी, बहुधा एसएसआयडीच्याच जागी, तो पासवर्ड एकदा टाइप करून पाहायचा. कीपॅड मोठ्या लिपीत अडकला आहे का, फंक्शनचे बटण चालू राहिले आहे का, शून्य आणि 'ओ' यांत गोंधळ होतो का, हे तिथे डोळ्यांनी दिसते. मग 'सेव्ह' न करता बाहेर यायचे, परत आत जाऊन खरी नावे भरायची, आणि पासवर्ड त्याच बोटांच्या क्रमाने टाइप करायचा. पासवर्डमध्ये अधोरेषा किंवा डॉलरसारखे चिन्ह असेल आणि ते कीपॅडवर कुठेच सापडत नसेल, तर शोधत बसू नका. अशा वेळी सेटिंग क्रेडलमार्फत कॉम्प्युटरवरून भरतात, किंवा त्या यंत्राच्या सेटअप बारकोडमधून.

सेटअप बारकोडविषयी थोडे विषयांतर करतो, कारण त्यात सोय आहे तशीच धास्तीही. 'कोड १२८' या बारकोडमध्ये एफएनसी३ नावाचे एक खास चिन्ह असते, ज्याचा अर्थ 'ही मालाची माहिती नाही, ही वाचणाऱ्या यंत्राला दिलेली सूचना आहे' असा होतो. त्यामुळे छापील कागदावरचा एक बारकोड स्कॅन करून सेटिंग बदलता येते आणि अवघड कीपॅडची कटकट वाचते. पण त्याच कागदावर 'सेट डीफॉल्ट'चा बारकोड सहसा पहिल्याच ओळीत असतो, आणि तो शेजारच्या बारकोडसोबत किरणाच्या टप्प्यात आला तर सगळे पुन्हा मूळपदावर जाते. मी तो नेहमी जाड कागदाच्या तुकड्याने झाकून ठेवतो. इतर बारकोडही एक उघडा, बाकीचे झाकलेले, असेच वाचावेत.

आयपी पत्ता हाताने भरायचा असेल तर एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. काही मेनूंमध्ये प्रत्येक भागासाठी तीन ठरावीक जागा असतात आणि तिथे २५ हा आकडा ०२५ असा भरावा लागतो. काही ठिकाणी मात्र पुढचे शून्य घातले की यंत्र तो आकडा अष्टमान (दहाऐवजी आठच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीतला समजते आणि ०२५ चे २१ होतात. आपल्या यंत्रात कोणती रीत आहे हे चालू टर्मिनलच्या फोटोवरून ठरवा. तिथे जसे दिसते हुबेहूब तसेच भरा. सबनेट मास्क आणि गेटवे या नावांचे पत्त्यासारखेच दिसणारे आकडे सगळ्या टर्मिनलना सारखेच असतील. डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळण्याची सोय) चालू असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

इतके करूनही जोडणी झाली नाही तर मेनूकडे पाहणे थांबवून ॲक्सेस पॉइंटकडे पाहा. आपली उरलेली चार टर्मिनल त्याच नेटवर्कवर चालत आहेत असे आपण म्हटले आहे, म्हणून हे कारण आपल्या बाबतीत संभवत नाही. पण ज्यांची सगळीच टर्मिनल एकाच दिवशी बंद पडली असतील त्यांच्यासाठी लिहितो. ८०२.११बी हे वाय-फायचे जुने मानक १९९९ चे आहे. त्या काळातले रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि १, २, ५.५ किंवा ११ मेगाबिट या वेगांवरच बोलतात. नवा ॲक्सेस पॉइंट बसवताना कोणी हे जुने वेग बंद केले, आणि तसे करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तर टर्मिनलला नेटवर्क सापडते किंवा सापडतही नाही, पण जोडणी होत नाही. तीच गोष्ट सुरक्षेची, म्हणजे वाय-फायवरचा मजकूर कुलूपबंद करण्याच्या पद्धतींची: डब्ल्यूपीए २००३ साली आणि डब्ल्यूपीए२ २००४ साली आले, आणि त्याआधीच्या कित्येक टर्मिनलना फक्त डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत कळते. नेटवर्क डब्ल्यूपीए२ चे असेल तर अशा टर्मिनलच्या मेनूत कितीही फिरलात तरी तो पर्याय मिळणार नाही, कारण तो तिथे नाहीच. मग अशा यंत्रांसाठी वेगळे, बाकी सगळ्यांपासून तोडलेले छोटे नेटवर्क ठेवणे किंवा यंत्रे बदलणे हे दोनच मार्ग उरतात. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येते, त्यामुळे ते मुख्य नेटवर्कवर चालू करण्याचा मोह मी तरी कोणाला होऊ देत नाही.

घड्याळाचे प्रकरण वेगळे सांगायला हवे. बॅकअप बॅटरी संपल्यावर तारीखही मूळ तारखेवर, म्हणजे कित्येक वर्षे मागे जाते. साध्या पासवर्डच्या नेटवर्कवर याने जोडणी अडत नाही, फक्त नोंदींवर चुकीची तारीख पडते, आणि ती महिनाअखेरीला कोणाच्या तरी लक्षात येते. पण नेटवर्क प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल) वापरणारे असेल, तर मागे गेलेल्या तारखेमुळे टर्मिनलच्या दृष्टीने सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते आणि ते जोडणी नाकारते. वेळ नेटवर्कवरून येईल म्हणून वाट पाहण्यातही अर्थ नाही, कारण नेटवर्क मिळाल्याशिवाय वेळ येत नाही आणि वेळ बरोबर झाल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. तेव्हा सेटअपमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा तारीख आणि वेळ हाताने बरोबर करा, मगच बाकीचे भरा.

आता बूटच्या, म्हणजे यंत्र नव्याने सुरू करण्याच्या, प्रकारांबद्दल, कारण आपल्या मेनूत 'वॉर्म' आणि 'कोल्ड' हे दोन्ही शब्द आहेत असे आपण लिहिले आहे. वॉर्म बूट म्हणजे प्रोग्रॅम बंद करून यंत्र पुन्हा सुरू करणे. त्यात साठवलेल्या गोष्टी सहसा राहतात. कोल्ड बूटमध्ये चालती मेमरी पूर्ण रिकामी होते आणि फक्त फ्लॅशमध्ये जपलेले उरते. विंडोज सीई (छोट्या यंत्रांसाठीची विंडोज) असलेल्या टर्मिनलवरही हाच भेद आहे. उदाहरणार्थ सिम्बॉल कंपनीच्या एमसी३००० मालिकेत पॉवरचे बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरले की वॉर्म बूट होते, आणि १, ९ व पॉवर ही तीन बटणे एकदम दाबली की कोल्ड बूट. त्या यंत्रांत 'ॲप्लिकेशन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या फायली कोल्ड बूटनंतरही राहतात. म्हणून जाणकार माणूस सेटिंगची फाइल तिथे ठेवतो, म्हणजे यंत्र स्वतःच सावरते. विंडोजच्याच दुसऱ्या शाखेत, विंडोज मोबाइल ५ मध्ये, २००५ साली साठवण कायमस्वरूपी मेमरीत गेली आणि बॅटरी संपली म्हणून सगळे गेले, हा प्रकार तिथे जवळजवळ संपला. ॲन्ड्रॉइडच्या टर्मिनलवर चालू होतानाचा मेनू म्हणजे रिकव्हरी, बिघाडाच्या वेळी वापरायचा वेगळा मेनू. तिथे आवाजाच्या बटणांनी वर-खाली जातात आणि पॉवरच्या बटणाने निवडतात. चुकून तिथे पोहोचलात तर 'रीबूट सिस्टिम नाऊ' एवढा एकच पर्याय बिनघोर आहे. 'वाइप डेटा' हा शब्द दिसला की समजा की तो आपल्यासाठी नाही.

आपल्या यंत्रात नियम सोपा ठेवा. 'वॉर्म', 'कंटिन्यू', 'रन', 'व्ह्यू', 'टेस्ट' हे शब्द पुष्कळसे निरुपद्रवी असतात. 'टेस्ट'ला एक अपवाद आहे: मेमरीची चाचणी काही यंत्रांत मेमरीवर लिहूनच घेतली जाते, तेव्हा ती सोडून बाकीच्या चाचण्या घ्या. 'कोल्ड', 'इरेज', 'फॉरमॅट', 'इनिशियलाइझ', 'डीफॉल्ट' आणि 'लोड' या शब्दांना पुस्तिका हाती आल्याशिवाय हात लावू नये. 'लोड' हा शब्द साधा वाटतो, पण यंत्र कॉम्प्युटरकडून नवा प्रोग्रॅम येण्याची वाट पाहू लागते, आणि काही यंत्रे त्यासाठी आधीच जागा पुसून ठेवतात. मग मध्येच रद्द केले तर जुना प्रोग्रॅमही गेलेला असतो.

म्हणजे क्रम असा झाला: नोंदी पाठवा, दोन चालू टर्मिनलचे फोटो घ्या, बिघडलेल्या पहिल्या टर्मिनलवर आधी घड्याळ, मग मोकळा क्रमांक, मग नेटवर्क भरा, रीतसर 'सेव्ह' करा आणि वॉर्म बूट करून सगळे टिकले आहे का ते सेटअप पुन्हा उघडून पाहा. 'सेव्ह'चा टप्पा गाळू नका. काही मेनूंत शेवटच्या प्रश्नानंतर बाहेर पडताना वेगळे विचारले जाते आणि तिथे पॉवरचे बटण दाबणाऱ्याचे सगळे श्रम वाया जातात. ते टर्मिनल एक-दोन स्कॅन पाठवून सर्व्हरवर दिसले, की मगच दुसऱ्या, न हाताळलेल्या टर्मिनलकडे वळा. त्यावर अजून कोणताच पर्याय दाबलेला नसल्यामुळे त्याचा पहिला मेनू जसाच्या तसा आहे. त्याचाही फोटो काढून ठेवा आणि 'वॉर्म' किंवा 'कंटिन्यू' असेल तर आधी तो करून पाहा. क्वचित असे होते की मेमरीचा फक्त थोडासा भाग बिघडलेला असतो आणि क्रमांक वगैरे शाबूत निघतात.

राहिली बॅकअप बॅटरी. ती बहुतेक यंत्रांत मुख्य बॅटरीवरूनच हळूहळू भरते, आणि पूर्ण रिकामी झालेली भरायला कित्येक तास लागतात. म्हणून दोन्ही टर्मिनल चार्ज केलेली मुख्य बॅटरी बसवून किमान एक पूर्ण दिवस क्रेडलमध्ये राहू द्या, आणि त्या काळात मुख्य बॅटरी काढून पाहू नका. दुसऱ्या दिवशी, नोंदी पाठवून झाल्यावर, बॅटरी काढा, मिनिटभर थांबा आणि परत बसवा. टर्मिनल थेट प्रोग्रॅमवर आले तर बॅकअप अजून काम देते. पुन्हा तोच मेनू आला तर आतली बॅटरी बदलावी लागेल. काही यंत्रांत ती जोडणीच्या तारेसह येते आणि चार स्क्रू काढून बदलता येते. काहींत ती बोर्डवर झाळलेली असते आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे. तोपर्यंत भरलेल्या सेटिंगचे फोटो छापून क्रेडलजवळ चिकटवून ठेवा, म्हणजे मोजणीच्या दिवशी मेनू आला तरी समोर उभ्या असलेल्या माणसाला दहा मिनिटांत टर्मिनल चालू करता येईल.

लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि त्या दुसऱ्या टर्मिनलच्या पहिल्या मेनूतले शब्द, ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने, लिहून पाठवलेत तर कोणता पर्याय कोणत्या थरातला आहे ते मी ओळीओळीने सांगू शकेन.